मैलाच्या दगडांशी भांडण

सडकेवर मैलाचा दगड दिसला की गिरदावरसाहेब जीप थांबवत. इंजिन चालूच ठेवून खाली उतरत, एकदा मीटरच्या आकड्याकडं आणि एकदा दगडाकडं बघत आणि मग दगडाला म्हणत, "झूट! सरासर झूट!" एवढं झालं की पुन्हा गाडीत येऊन बसत. पुढचा दगड येईपर्यंत त्यांचा चेहरा खोटा साक्षीदार पकडलेल्या वकिलासारखा तृप्त असे.

जळकोटाकडून सोलापूरला जाणाऱ्या सडकेवर त्यांनी झापला नाही असा दगड नसेल. मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण माझ्या बापानं अंगठ्यापलीकडं कागदावर काही उमटवलं नव्हतं. सुट्टी संपली की ट्रंक आणि भाकरीचं गाठोडं घेऊन मी साहेबांच्या दारात उभा राहायचो. त्यांना सोलापूरला काही ना काही काम असायचंच. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. मी इंटरला होतो तेव्हापासूनच त्यांनी माझं नाव 'बी.ए.' ठेवलं होतं.

"चला बी.ए., बसा. आज परत मोजू."

निजामाच्या राज्यात ते गिरदावर होते. पटवाऱ्यांच्या वरचा हा अंमलदार. शेतांच्या मोजण्या तपासायच्या, बांधांचे तंटे तोडायचे, पीकपाणी बघायचं, हे त्याचं काम. राज्य गेलं, हाली शिक्क्याचा रुपया गेला, दफ्तरातली उर्दू गेली, पण साहेबांच्या अंगावरची शेरवानी गेली नाही. नोकरी संपल्यावर सगळे अंमलदार शहराकडं गेले आणि हे आमच्या गावात येऊन राहिले. का, असं विचारलं तर म्हणायचे, "या गावाचा नकाशा मी स्वतः तपासलाय. इथं कुठं काय हाय ते मला ठाऊक हाय. शहरात कोण कुठं संपतो आणि कोण कुठं सुरू होतो, काय पत्ता?"

उंच, वाळलेला देह. मिश्या पांढऱ्या, पण दोन्ही बाजूंना अगदी सारख्या. त्या ते पट्टीनं मोजून कातरतात असं गावात म्हणत, आणि मला ते खरं वाटतं. त्यांच्या घरी पाहुणा जेवायला बसला की काकू वाढता वाढता हळूच सांगायच्या, "पोटभर खा बाबा, आमच्याकडं भाकरी बी सरकारी मापाची असती."

त्यांच्या अंगणात दोन घडीव दगड पुरलेले होते. अनोळखी माणूस त्यांना अडखळायचा. त्या दोन दगडांमधलं अंतर म्हणजे नेमकी एक जरीब. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी. नोकरी सुटताना साहेबांनी एवढी एकच वस्तू रीतसर मागून घेतली होती. आठवड्यातून एकदा ते साखळी त्या दोन दगडांमध्ये ताणून बघायचे. एवढीशी जरी वाढलेली दिसली तरी लोहाराकडं नेऊन झिजलेल्या कड्या बदलून आणायचे. मोजायला आता रान नव्हतं, तंटा नव्हता, तरीही.

"साहेब, आता कशाला?" मी एकदा विचारलं.

"बी.ए., ऐका. जरीब वापरून वापरून वाढते. कड्या झिजतात, ताण बसतो, हातभर लांब होते. बघणाऱ्याला कळत न्हाय. पण लांब जरीब रानात कमी वेळा बसते. कमी वेळा बसली की रान कमी भरतं. रान कमी भरलं की शेतसारा कमी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एका पटवाऱ्यानं पाटलाचं रान असंच घटवलं होतं. मी जाऊन नुसती त्याची जरीब हातात घेतली. पाय धरले बिचाऱ्यानं. माणूस खोटं बोलला तर चेहऱ्यावर दिसतं. माप खोटं बोललं तर कुठं दिसणार?"

मी हा किस्सा इतक्यांदा ऐकला होता की शेवटचं वाक्य मीच आधी म्हणायचो. पुढं काय होणार हे माहीत असतं तर जास्त लक्ष देऊन ऐकला असता.

जीप त्यांनी सिकंदराबादेला लष्कराच्या लिलावात घेतली. गावात आली त्या दिवशी बायकांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. उन्हाळाभर ती छान चालली. मग पाऊस लागला आणि आमच्या काळ्या रानानं आपला गुण दाखवला. ओढ्यापलीकडच्या गाडीवाटेत जीप चिखलात पोटावर बसली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि साहेबांच्या शेरवानीवर चिखल उडत राहिला. शेवटी माझ्या बापानं बैल जुंपले.

"साहेब, ही लष्करातली खरी, पर आमच्या सर्जाच्या मागनं चालली बरं का!" बाप म्हणाला. लोक हसले. साहेब हसले नाहीत.

त्याच आठवड्यात ते सोलापूरला गेले आणि कुठल्याशा मोठ्या गाडीची चार टायरं बसवून आले. पाचवं मिळालं नाही, म्हणून मागं टांगलेली स्टेपनी मूळचीच राहिली. जीप आता एकदम उंच दिसायला लागली. काकूंना चढायला पाट ठेवावा लागे. पण त्यानंतर चिखलात ती कधी बसली नाही आणि साहेबांची मान पुन्हा ताठ झाली.

आणि तेव्हापासून सगळं जग त्यांना फसवायला लागलं.

आधी दगड. गाडीवाट संपून सडकेला लागलं की दर मैलाला मीटर मागं पडायचं. दगड म्हणायचा मैल झाला, मीटर म्हणायचं अजून व्हायचाय. मूळच्या टायरांवर असताना साहेबांनी कधी ताडून बघितलं नव्हतं, कारण तेव्हा संशय यायचं कारणच नव्हतं. आता त्यांनी विचार करून निदान केलं. राज्य बदललं, नाणं बदललं, तसा मैलही बदलला. नव्या सरकारनं मैल लहान केलाय.

"कशासाठी पण?" मी विचारलं.

"तिकिटासाठी! मैल आखूड केला म्हंजी तेवढ्याच वाटेत मैल जास्त. मैल जास्त की भाडं जास्त. लई हुशार लोक हायेत, बी.ए."

दुसरी फसवणूक वेगाची. त्यांच्या काट्यावर तीस दिसायचं आणि ते भरलेल्या बसच्या पुढं निघून जायचे. मग मागं वळून म्हणायचे, "हे बसवाले अलीकडं झोपा काढायला लागलेत."

तिसरी फसवणूक पेट्रोलची, आणि ती वाईट निघाली.

सडकेवर एक पंप होता. हातानं दांडा मारून पेट्रोल वर काढायचं, काचेत भरलेलं बघायचं, मग टाकीत सोडायचं. पंपाच्या मालकाला सगळे चाचा म्हणत. साहेबांची आणि त्यांची जुनी दोस्ती. रझाकारांच्या धामधुमीत आणि पुढं पोलीस ॲक्शनच्या दिवसांत दोघांनी एकमेकांसाठी काय काय केलं, ते दोघंही सांगत नसत. फक्त पंपाच्या मागच्या लिंबाखाली बुद्धिबळाचा पट मांडून बसत. कितीतरी वेळा माझी कॉलेजची वेळ त्या पटापायी चुकली.

नव्या टायरांवर जीप गॅलनला पूर्वीएवढे मैल देईना. साहेबांनी तीन-चार खेपा हिशोब करून बघितला. मग एक दिवस काचेत भरलेल्या पेट्रोलकडं बोट दाखवून त्यांनी चाचांना सगळ्यांदेखत विचारलं, "मियाँ, ही काच कितीची हाय?"

"जितकी हमेशा थी साब, उतकीच है."

"मग माझे मैल कुठं जातात?"

चाचांनी पंपाचा दांडा सोडला. मग म्हणाले, "साब, शक आया तो पेट्रोल नक्को लो. मैं नापके दिया हूँ."

साहेबांनी त्यानंतर तिथं पेट्रोल घेतलं नाही. डबे घेऊन लांबच्या पंपावर जायचे. चाचांच्या पंपावरून जाताना नाकासमोर बघायचे. लिंबाखालची खुर्ची रिकामीच असायची, आणि चाचाही तिच्याकडं बघायचे नाहीत. हे मला फार लागायचं.

मी गणित घेऊन बी.ए. करत होतो. मला गोष्ट कळली होती, ती कळायला बी.ए.सुद्धा लागत नाही. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. मीटर बिचारं फेरे मोजतं, त्याला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून ते मैल कमी दाखवतं आणि वेगही कमी दाखवतं. त्यात जड टायर फिरवायला इंजिनाला जोर जास्त, म्हणून पेट्रोलही थोडं जास्त खातं. एवढंच.

सोलापूरच्या वाटेवर एकदा मी हे सगळं साहेबांना सांगितलं. त्रिज्या, परीघ, गुणोत्तर. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग जीप एका दगडाजवळ उभी केली.

"बी.ए., तुमचा दगडांवर भरवसा हाय ना?"

"आहे."

"मग उतरा. दगडं मोजत या."

आणि निघून गेले. मी पुढच्या दगडापर्यंत चालत गेलो. तिथं जीप उभी होती आणि साहेब बाजूच्या बांधावर पेरू खात बसले होते. अर्धा पेरू त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. टायरांचा विषय त्यानंतर बरीच वर्षं मी काढला नाही.

पदवी घेऊन मी परतलो आणि सडकेवरच्या बाजाराच्या गावातल्या हायस्कुलात मास्तर झालो. रोज सायकलवरून जायचो, पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन जायचो. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. मुलगे पुढं कुणी चालत, कुणी नातलगाकडं राहून शिकत. मुली सातवीनंतर घरी बसत. माझी धाकटी बहीण कुसुम सातवीला तालुक्यात वरच्या नंबरात आली होती आणि चुलीपुढं बसली होती. बाप म्हणायचा, "गावात शाळा झाली तर धाडतो. त्या ओढ्यातनं, त्या उसातनं पोरीला रोज एवढ्या लांब न्हाय धाडायचा." आणि दुसरं वाक्य तो बोलायचा नाही, पण मला ऐकू यायचं. स्थळ आलं होतं.

गावानं हायस्कुलासाठी अर्ज केला. तेव्हा असा दंडक होता की एका हायस्कुलापासून पाच मैलांच्या आत दुसरं मिळायचं नाही. आमचं गाव पाचाच्या थोडं पुढं आहे अशी सगळ्यांची समजूत. पण गाडीवाट ती, तिच्यावर ना दगड ना खूण. मोजून खात्री करायला शिक्षण खात्याचे एक तपासनीस आले. पुण्याकडचे गृहस्थ, स्वच्छ टोपी, हातात छत्री. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर इकडं बदलून आलेले. बसनं उतरले आणि म्हणाले, "मोटार आहे का कुणाची?"

होती की. साऱ्या पंचक्रोशीत एकच.

हायस्कुलाच्या फाटकाशी साहेब जीप घेऊन हजर होते. शेरवानीला इस्त्री, मिश्या ताज्या कातरलेल्या. मी आणि आमचे सरपंच मागं बसलो. निघायच्या आधी साहेबांनी मीटरचा आकडा तपासनिसांना वाचून घ्यायला लावला आणि म्हणाले, "शंका असेल तर आत्ताच बोला. या जिल्ह्यात खरं मीटर एकच हाय, ते हे."

मी म्हणालो, "साहेब, एक सांगायचं होतं. या गाडीची टायरं—"

"मोठी हायेत," साहेब म्हणाले. "सगळ्यांना दिसतायत. मीटर खरं हाय."

तपासनीस हसून म्हणाले, "मालकच खात्री देतायत, मास्तर. चला."

गावच्या चावडीपुढं पताका लावल्या होत्या. नारळ आणला होता. जीप थांबली. तपासनिसांनी मीटर वाचलं, कागदावर वजाबाकी केली आणि म्हणाले, "पावणेपाच."

हलगीवाला हलगी वाजवत होता, त्याला कुणीतरी हातानं थांबवलं.

"मला वाईट वाटतं," तपासनीस म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण पाचाच्या आत आहे. मी दुसरं काही लिहू शकत नाही."

सरपंच साहेबांच्या कानाशी गेले. कुजबुजायला गेले, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, म्हना की मीटर बिघडलंय. एवढं एक वाक्य म्हना. पोरींचं कल्याण हुईल."

"मी खोटं बोलू?" साहेब ताडकन म्हणाले. "सारी नोकरी केली, एक बांध खोटा लिहिला न्हाय. आता म्हातारपणी माप फिरवू?"

"मग तुमच्याच गाडीनं शाळा घालवली म्हनायची," माझा बाप म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, शेरवानीचं वरचं बटण सोडलं आणि आल्या वाटेनं चालायला लागले. रागानं गेले असं सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. मी त्यांना दगडांवर रागावलेलं बघितलं होतं, तेव्हा ते ताठ चालत. आता वाकून, जमिनीकडं बघत चालले होते.

कुसुमच्या हातात तपासनिसांसाठी आणलेला चहा होता. ती तो घेऊन त्यांच्या मागं गेली. मीही गेलो.

वाटेवर धुळीचा थर होता आणि धुळीत जीपच्या चाकांचे पट्टे उमटले होते. एका टायरावर मोठं चौकोनी ठिगळ होतं. पट्ट्यात त्याचा ठसा स्वच्छ उमटला होता, पुढं पुन्हा, त्याच्या पुढं पुन्हा.

"साहेब, च्या," कुसुम म्हणाली.

साहेब उकिडवे बसले होते. "पोरी, हे काय हाय?"

"ठिगळ हाय की. चाकाचं."

"आणि ते पलीकडचं?"

"त्येच ठिगळ. दुसऱ्यांदा बसलेलं."

"दुसऱ्यांदा बसलेलं," साहेब म्हणाले. मग बोट पुढं पुढं सरकवत, "एकदा बसली. दुसऱ्यांदा बसली. तिसऱ्यांदा..." आणि थांबले. चहावर साय धरली.

"बी.ए.," ते म्हणाले, माझ्याकडं न बघता. "ही तर जरीब हाय."

"होय साहेब."

"वाढलेली जरीब."

"होय साहेब."

"मग इतकी वर्षं सांगितलं का न्हाय?"

मी त्रिज्या सांगितली होती, परीघ सांगितला होता. जरीब हा एक शब्द मला कधी सुचला नव्हता.

त्यांनी कुसुमच्या हातातून चहा घेतला, साय फुंकून बाजूला केली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. मग चावडीपुढं येऊन स्टेपनी सोडायला सांगितली. मागचं एक मोठं चाकही खोलायला लावलं. जमिनीवर काडीनं रेघ ओढली. दोन्ही चाकांवर खडूनं खूण केली, खुणा रेघेवर टेकवल्या आणि दोन्ही चाकं एकेक पुरा फेरा पुढं ढकलली. मोठ्या चाकाची खूण स्टेपनीच्या खुणेपुढं जवळजवळ वीतभर जाऊन टेकली.

सारं गाव वाकून त्या वीतभर जागेकडं बघत होतं.

"तपासनीससाहेब," गिरदावरसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चावडीतल्या पंचनाम्याचा झाला होता. "मीटर या लहान चाकासाठी बनलंय. मी मोठी चाकं लावली. दर फेऱ्याला एवढी वाट गाडी चालली आणि मीटरनं धरली न्हाय. गाडी माझी, गलती माझी. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका. मोजणी करा."

"कशानं?"

"जरिबीनं."

तपासनिसांनी वर सूर्याकडं बघितलं. मग छत्री उघडली. तो माणूस मला तेव्हापासून आवडतो.

आधी साहेबांच्या अंगणात साखळी त्या दोन दगडांमध्ये ताणली. तपासनिसांना खाली बसवून दोन्ही टोकं दाखवली. ना कमी, ना जास्त. मग चाक परत बसवून जीपनं सगळे पुन्हा हायस्कुलाच्या फाटकाशी गेलो आणि तिथून मोजत गावाकडं निघालो. पुढचं टोक माझ्याकडं, मागचं साहेबांकडं. मागचं टोक त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. मी साखळी ओढायची, ते "दाब!" म्हणायचे, मी सळई रोवायची, ते "चल!" म्हणायचे. ओढ्यात पाण्याच्या वर साखळी ताणून धरली. उसाच्या कडेनं गेलो. शेरवानी घामानं पाठीला चिकटली होती. मी एकदा म्हणालो, "साहेब, थोडं बसू." ते म्हणाले, "माप बसत न्हाय, बी.ए."

सरपंच प्रत्येक मैल पुरा झाला की मोठ्यानं पुकारत होते. चौथ्यानंतर त्यांचा आवाज बसला. आजूबाजूच्या रानांतली माणसं नांगर सोडून आमच्या मागं चालायला लागली होती. फक्त कड्यांचा आवाज.

"दाब!"

मी सळई रोवली.

साहेब मागचं टोक घेऊन माझ्यापर्यंत चालत आले आणि सळईशेजारी जमिनीत जोड्याची टाच रुतवली. "पाच," ते म्हणाले. मग तपासनिसांकडं वळून, "गाव कुठाय?"

तपासनिसांनी छत्री मिटून पुढं दाखवली. चावडीच्या पताका दिसत होत्या, पण लांब, मधे दोन शेतं सोडून.

"मग लिहा," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच खाली बसले.

मंजुरी आली तेव्हा पेढे वाटले, भाषणं झाली. भाषणांत साहेबांचं नाव आलं नाही आणि त्यांना ते चालणारही नव्हतं. त्यांचा हिशोब वेगळाच चालला होता.

मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन चाचांच्या पंपावर गेले. जीपमधून स्टेपनी उतरवली आणि पंपापुढच्या फरशीवर सगळा प्रयोग पुन्हा करून दाखवला. रेघ, खडू, एक फेरा. चाचा दांड्याला टेकून बघत होते.

"मियाँ," साहेब म्हणाले, "निम्मी चूक मीटरची. निम्मी भूक टायरांची. तुमचं काही न्हाय."

चाचांनी वीतभर जागेकडं बघितलं. "चाक बडा कर लिये साब," ते म्हणाले, "तो दिल काय कू छोटा कर लिये?"

साहेबांनी जोड्यानं रेघ पुसून टाकली. चाचांनी आत जाऊन पट आणला. मी त्या दिवशी शाळेत उशिरा पोचलो आणि हेडमास्तरांना कारण सांगितलं तर त्यांना पटलं नाही.

पुढं साहेबांनी टायरं बदलली नाहीत, पावसाळे तेच होते. मीटरखाली मात्र पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं, 'वाढलेली जरीब'. आणि सडकेवर मैलाचा दगड दिसला की ते अजूनही जीप थांबवत, इंजिन चालूच ठेवून खाली उतरत. टोपी काढत, छातीशी धरत, पुन्हा डोक्यावर ठेवत आणि गाडीत येऊन बसत. सोलापूरपर्यंत प्रत्येक दगडाला. ज्या क्रमानं झापलं होतं त्याच क्रमानं. मी एकदा म्हणालो की साहेब, दगडांना काय कळतं? ते म्हणाले, "झूट म्हणताना न्हाय विचारलं तुम्ही."

आणि एक दगड त्यांनी स्वतः घडवून घेतला. सडकेवरच्यासारखाच, वर गोल, अंगाला चुना, त्यावर काळ्यानं '५'. जिथं टाच रुतवली होती तिथं तो पुरला. शाळा सुरू झाली त्या सकाळी कुसुम नवं पातळ नेसून त्या दगडापर्यंत गेली आणि त्याला हळदकुंकू वाहून आली. साहेबांनी ते बघितलं आणि तिथल्या तिथं तिची हजेरी घेतली. "अगं, देव न्हाय तो! माप हाय माप! उद्या कुणी शेंदूर फासला तर आकडा दिसंल का?" कुसुमनं पदरानं कुंकू पुसलं. साहेब पुढं गेल्यावर दगडाच्या मागच्या अंगाला, आकडा नव्हता तिथं, पुन्हा लावलं.

साहेब गेले त्याला आता फार वर्षं झाली. चाचा त्यांच्या आधी गेले. सडकेवरचे मैलाचे दगड काढून किलोमीटरचे लागले, तेव्हा साहेब असते तर काय म्हणाले असते याचा विचार करून मी बसमध्ये एकटाच हसलो होतो. गावाकडच्या वाटेवरचा पाचाचा दगड तेवढा राहिला, कारण तो सरकारी नव्हता.

मध्यंतरी त्या वाटेचं डांबरीकरण निघालं. रुंदीत तो दगड येत होता. मजूर पहार घेऊन त्याच्याशी लागले. कुसुम तेव्हा आमच्या हायस्कुलाची हेडमिस्ट्रेस होती. कुणीतरी सांगत आलं तशी ती तास सोडून गेली. मजुरांना ती काय काय सांगणार? निजाम, जरीब, जीप, टायर, पाच मैल? ती दगडाच्या मागच्या अंगाला बोट दाखवून म्हणाली, "काढू नका रे बाबांनो, देव हाय त्यो."

शाळेतल्या पोरींच्या कित्येक पिढ्यांनी लावलेलं कुंकू बघून मजुरांनी पहार खाली ठेवली, हात जोडले आणि रस्ता दगडाला वळसा घालून पुढं नेला.

संध्याकाळी ती माझ्याकडं आली आणि ओट्यावर बसून राहिली.

"दादा," ती म्हणाली, "खोटं बोलले मी आज. साहेबांच्या दगडासाठी. त्यांनी ऐकलं असतं तर?"

"तर तुला तिथंच उतरवलं असतं," मी म्हणालो. "आणि पुढच्या दगडाशी अर्धा पेरू घेऊन बसले असते."